भांडवलशाही की समाजवाद? आधी विचारा, तोटा कोणाच्या अंगावर पडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सोलापुरात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करताय. भांडवलशाही, समाजवाद आणि मिश्र अर्थव्यवस्था यांचे गुणदोष पाठ झालेत, पण घरात यावरून रोज वाद होतो. आजोबा गिरणी कामगार होते. त्यांच्या मते सरकारने सगळ्या मिल ताब्यात घेतल्या असत्या तर सोलापूर असं बसलं नसतं. काकांचे यंत्रमाग आहेत. ते म्हणतात, सरकारने धंद्यातून हात काढून घ्यावा, मग बघा कसा चालतो. दोघांत बरोबर कोण, यांपैकी सर्वांत चांगली व्यवस्था कोणती आणि परीक्षेत काय लिहायचं, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी सहकारी संस्थांचा लेखापरीक्षक आहे. पतसंस्था, विकास सोसायट्या, सूतगिरण्या, साखर कारखाने यांचे ताळेबंद तपासण्यात माझी बहुतेक वर्षं गेली, आणि अनेक यंत्रमागवाल्यांचे हिशोबही मी पाहिलेत. त्यामुळे माझं उत्तर पुस्तकाच्या क्रमाने येणार नाही. ताळेबंद वाचायची सवय झाली की संस्थेच्या पाटीवर काय लिहिलंय ते मागे पडतं. नफा झाला तर तो कोण नेतो आणि तोटा झाला तर तो कोण सोसतो, हे आधी शोधलं जातं. देशांच्या अर्थव्यवस्थाही मी याच नजरेने बघतो, आणि तुमच्या घरातल्या वादाचं मूळही मला तिथेच दिसतं.

पुस्तकी वर्गवारी तुम्हाला येतेच, म्हणून एका दमात उरकतो. काय आणि कोणासाठी पिकवायचं-बनवायचं हे रूढीने ठरतं ती पारंपरिक व्यवस्था. आपल्याकडच्या बलुतेदारीत सुताराला, लोहाराला, कुंभाराला वर्षभराच्या कामाचा मोबदला सुगीच्या धान्यात मिळायचा. किमतीने ठरतं ती बाजारव्यवस्था. वरून आराखड्याने ठरतं ती नियोजित. सोव्हिएत संघात १९२१ साली गॉसप्लान ही नियोजन संस्था उभी राहिली आणि १९२८ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या. यांची सरमिसळ ती मिश्र.

आज जगातला जवळपास प्रत्येक देश मिश्र आहे, त्यामुळे एवढ्याने फार काही कळत नाही. मोकळ्या व्यापारासाठी सिंगापूरचं नाव नेहमी घेतलं जातं, पण तिथले सुमारे ८० टक्के लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. अमेरिकेला आपण भांडवलशाहीचं माहेरघर म्हणतो, तरी २००९ साली जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली तेव्हा नव्या कंपनीतला सुमारे ६० टक्के वाटा सरकारने घेतला. नॉर्वेच्या मोठ्या तेल कंपनीत दोन तृतीयांश मालकी सरकारची आहे. चीनमध्ये सत्ता कम्युनिस्ट पक्षाची आणि शेअर बाजारही जोरात. म्हणून अख्ख्या देशाला एक नाव चिकटवण्याऐवजी एकेक वस्तू घ्यावी आणि तिच्याबद्दल निर्णय कोण घेतो, तोटा कोण भरतो आणि ज्याला पटत नाही त्याला बाहेर पडता येतं का, असं विचारावं. माझा अनुभव असा की या तीन उत्तरांत व्यवस्था ओळखू येते.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. माढ्याच्या किंवा पंढरपूरच्या एखाद्या शेतकऱ्याचं ऊसबिल डोळ्यांसमोर आणा.

ऊस वाढला उजनीच्या पाण्यावर. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, कधी सोडायचं, किती दिवस चालवायचं, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. पाण्याच्या किमतीला तिथे फारसं स्थान नाही. हे सरळ नियोजन आहे. नियोजनाचे नेहमीचे दोषही त्यात आहेत. वरच्या भागात पाणी भरपूर आणि टेलच्या शेतकऱ्याचे डोळे कालव्याकडे लागलेले. तरीही उजनीचं पाणी लिलावात विकावं असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि मलाही ते पटणार नाही.

जमीन मात्र शेतकऱ्याची, आणि ऊस लावायचा की डाळिंब, हा निर्णयही त्याचाच. इथे बाजार आला. पण तो ऊसच का निवडतो? कारण उसाच्या भावामागे कायदा उभा आहे. केंद्र सरकार दरवर्षी एफआरपी, म्हणजे उसाला द्यावाच लागणारा रास्त आणि किफायतशीर दर, ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली. आपल्याकडे त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर १५ टक्के व्याज. म्हणजे पीक खासगी, भाव सरकारी.

तोडायला टोळी येते. तिचा मुकादमाशी व्यवहार उचलीवर चालतो. हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली की ती फिटेपर्यंत कोयता, म्हणजे तोडणी करणारं जोडपं, दुसरीकडे जाऊ शकत नाही. हा ना मोकळा बाजार, ना नियोजन. जुन्या बांधिलकीच्या व्यवस्थेचा हा तुकडा आजही तसाच चालू आहे, आणि बाहेर पडता येतं का, या प्रश्नाचं उत्तर इथे ‘नाही’ असं येतं. या जिल्ह्याच्या अर्थकारणातली मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट हीच.

कारखाना सहकारी असेल तर एक सभासद, एक मत. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ज्या विचारातून कारखाना उभा केला, तोच हा नमुना. शेजारच्या तालुक्यात खासगी कारखानाही असेल, पण दोन कारखान्यांत किमान २५ किलोमीटर हवाई अंतर हवं असा राज्याचा नियम असल्यामुळे त्यांची स्पर्धाही आखून दिलेली. साखर निविदा काढून व्यापाऱ्याला विकली जाते, पण किती विकायची याचा महिन्याचा कोटा दिल्लीहून येतो. २०१९ साली केंद्राने किमान विक्रीदर किलोला ३१ रुपये ठरवला, त्याखाली विकता येत नाही. इथेनॉलचा भावही सरकारच ठरवतं.

पुस्तकातल्या चारही व्यवस्था या एका बिलात आल्या. आता माझ्या कामाचा प्रश्न: साखरेचे भाव पडले तर तोटा कोणाचा? कागदावर शेतकऱ्याचा नाही, कारण एफआरपी कायद्याने बांधलेली. पण कारखान्याकडे पैसे नसले की कायद्याला वाट बघावी लागते. असा तोटा नफा-तोटा पत्रकात यायच्या आधी देण्यांच्या यादीत दिसायला लागतो, हे मी सहकारी आणि खासगी अशा दोन्ही ठिकाणी पाहिलंय. आधी तोडणी-वाहतुकीची बिलं थांबतात, मग कामगारांचे पगार, भविष्य निर्वाह निधीचा भरणा, आणि ऊसबिलाचा शेवटचा हप्ता. त्यानंतर साखर तारण ठेवून घेतलेलं बँकेचं कर्ज थकतं. राज्य सरकारने थकहमी, म्हणजे कर्ज बुडालं तर आपण भरू अशी हमी, दिलेली असेल तर तो बोजा सरकारी तिजोरीवर, म्हणजे ज्याने आयुष्यात उसाचं कांडं लावलं नाही त्याच्यावरही. शेवटी अवसायन, म्हणजे संस्था गुंडाळणं, किंवा विक्री, आणि सभासदाच्या शेअरची किंमत शून्य. या रांगेत सर्वांत आधी कोण उभा असतो ते बघा: ज्याला ना संचालक मंडळात जागा, ना बाजारात दुसरं गिऱ्हाईक.

सहकार म्हटला की हे असंच होणार, असं मात्र समजू नका. स्पेनमधल्या मोंद्रागोन या कामगार-सहकारी समूहाची सुरुवात १९५६ ची. त्यातली घरगुती उपकरणं बनवणारी फागोर ही मोठी संस्था २०१३ साली दिवाळखोरीत निघाली. समूहाने तिला काही काळ पैसा पुरवला, मग थांबवला. तिच्या बऱ्याचशा कामगार-सभासदांना मात्र समूहातल्या दुसऱ्या सहकारी संस्थांत काम मिळालं. तोटा तिथेही झालाच, पण तो कसा वाटून घ्यायचा याची सोय समूहात आधीपासून होती. आपल्या सहकाराला असा आपसातला आधार उभा करता आला नाही, म्हणून प्रत्येक संकटात मुंबईकडे बघावं लागतं.

आता आजोबांचं म्हणणं. आपल्या गिरण्यांचा इतिहास त्यांनी जगलाय, त्यामुळे जपून लिहितो. जुनी मिल १८७० च्या दशकातली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि शहर त्यांच्या भोंग्यावर चालू लागलं. लक्ष्मी-विष्णू खासगी मालकीची होती, ती बंद पडली. नरसिंग गिरजी सरकारी महामंडळाकडे गेली होती, तीही बंद पडली. देशभरही हेच. १९७४ च्या कायद्याने १०३ आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. त्यातल्या बहुतेक पुढे बंदच झाल्या. मालक बदलला, पण जुनी यंत्रं, स्वस्तात कापड काढणाऱ्या यंत्रमागांची स्पर्धा आणि नव्या गुंतवणुकीचा अभाव ही कारणं होती तशीच राहिली.

यानोश कोर्नाई या हंगेरियन अर्थतज्ज्ञाने समाजवादी देशांतल्या कारखान्यांचा अभ्यास करून एक नेमकी गोष्ट दाखवली. तोटा झाला तर सरकार भरून देईल, अशी खात्री असलेल्या कारखान्याला खर्चाची मर्यादा खरी वाटतच नाही. मग तो कच्चा माल साठवतो, मागणी फुगवून सांगतो, आणि सगळीकडे टंचाई दिसू लागते. सोव्हिएत दुकानांपुढच्या रांगांमागे अनेक कारणं होती, त्यातलं हे एक मोठं. आपल्या सरकारी गिरण्यांचे जुने हिशोब वाचताना मला कोर्नाईच आठवतो: दरवर्षी तोटा, दरवर्षी मदत, आणि यंत्रं तीच.

म्हणून आजोबा चुकले का? त्यांच्या मागणीच्या मुळाशी असलेलं दुःख अगदी खरं आहे. गिरणी बंद झाली तेव्हा तोटा कामगाराच्या घरावर पडला. देणी वर्षानुवर्षं अडकली, पोरांची शिक्षणं सुटली. स्वीडनचा अनुभव इथे उपयोगी पडतो. १९७७ साली त्यांनी बुडत्या जहाजबांधणी कारखान्यांचं सरकारीकरण केलं, भरपूर पैसा ओतला, आणि तरी त्यातले बरेचसे बंद करावे लागले. २००९ मध्ये साब ही मोटार कंपनी अडचणीत आली तेव्हा सरकारने ती विकत घ्यायला नकार दिला, आणि २०११ मध्ये ती दिवाळखोर झाली. पण कामगाराच्या हाताशी बेकारी भत्ता आणि नव्या कामाचं प्रशिक्षण होतं. आजोबांनी मागायला हवं होतं ते संरक्षण गिरणीपेक्षा गिरणी कामगाराला, असं मला वाटतं. ते त्यांना कोणीच दिलं नाही, मालकाने नाही आणि सरकारनेही नाही.

काकांकडे येतो. सरकारने हात काढावा म्हणतात, पण त्यांचा शेड औद्योगिक वसाहतीत असेल तर तो भूखंड सरकारने विकसित केलेला. यंत्रमागाला विजेच्या दरात सवलत आहे. नवे माग घेण्यासाठी १९९९ पासून केंद्राची तंत्रज्ञान सुधारणा योजना होती. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे दुसऱ्या गावच्या मालावर ‘सोलापुरी’ शिक्का मारणाऱ्याला कायदा अडवतो. हात काढायचा तर हे सगळंच जाईल. त्यांची तक्रार बहुधा परवाने, तपासण्या आणि अडकलेले परतावे यांबद्दल असावी. ती बरेचदा रास्त असते आणि ती वेगळी मांडली पाहिजे.

काकांच्या बाजूनेही एक गोष्ट ठामपणे सांगतो. कोणत्या रंगाचा टॉवेल पुढच्या हंगामात जाईल, कुठलं डिझाइन थांबलं, कोणता व्यापारी पैसे बुडवेल, हे ज्ञान त्यांच्या डोक्यात आहे आणि कुठल्याही नियोजन मंडळाला ते कळणार नाही. चीनमध्ये आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग या गावात १९७८ साली १८ शेतकऱ्यांनी गुपचूप करार करून सामूहिक जमीन कुटुंबांत वाटून घेतली. सरकारचा हिस्सा दिल्यावर उरेल ते आपलं, एवढं ठरलं आणि उत्पादन भराभर वाढलं. सरकारने पुढे तीच पद्धत देशभर नेली. व्हिएतनामने १९८६ पासून अशीच वाट धरली आणि काही वर्षांत तो तांदूळ निर्यात करू लागला. त्याउलट सोव्हिएत संघात सक्तीचं सामूहिकीकरण झालं आणि १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली. नियोजनाचे गुण लिहिताना अवजड उद्योग आणि साक्षरता जरूर लिहा, पण ही किंमत वगळू नका.

आता तोच प्रश्न काकांच्या शेडमध्ये विचारू. मंदी आली, मालाला उठाव नाही, तर काय होतं? पाळी कमी होते. विणकराची मजुरी नगावर, त्यामुळे माग थांबला की मजुरी थांबली. काकांचं भांडवल अडकतं हे खरंच, पण त्या आठवड्याचा तोटा कामगार भरतो. विडी वळणाऱ्या बाईचं तेच: पानं आणि तंबाखू घरी न्यायची, हजार विड्यांमागे मजुरी, नापास झालेल्या विड्यांचं नुकसान तिचं. मोकळ्या बाजाराचा हिशोब मांडताना ही बाजू लिहायची राहून जाते.

बाजार समितीतल्या कांद्याबद्दल थोडं लिहितो, कारण तिथे हे सगळ्यांत उघडं दिसतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापुरात ५१२ किलो कांदा विकला. भाव किलोला १ रुपया. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता हाती आला २ रुपयांचा धनादेश. त्याच वर्षी भाव वाढायला लागल्यावर ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. म्हणजे भाव पडला की बाजार, आणि चढला की सरकार. शहरातल्या गिऱ्हाइकाला महाग कांदा परवडत नाही हेही खरं आहे, त्यामुळे सरकारने अजिबात पडू नये असं मी म्हणणार नाही. पण नफ्याला झाकण घालायचं आणि तोट्याचा तळ मोकळा ठेवायचा, अशी व्यवस्था कुठल्याच विचारसरणीत बसत नाही. वर हात घालायचा असेल तर खालीही घातला पाहिजे.

इथपर्यंतचा हिशोब असा: गिरणीत सरकारी मालकीनेही वाचवलं नाही आणि खासगीनेही नाही; उसात भाव बांधला, पण तोटा मागच्या दाराने सर्वांत कमकुवत माणसाकडे गेला; कांद्यात तर तो लपवण्याचीही गरज पडली नाही.

सर्वांत चांगली व्यवस्था कोणती, हे मग बऱ्याच गोष्टींवर अवलंबून राहतं. वस्तू कोणती? चादरीत आवडीनिवड असते, दहा विक्रेते असतात, एक बुडाला तर दुसरा असतो; तिथे मी बाजाराच्या बाजूने आहे. पिण्याच्या पाण्याला दुसरा पुरवठादार नसतो, तिथे सार्वजनिक मालकीच हवी. दवाखान्यात आजारी माणूस घासाघीस करू शकत नाही, म्हणून तिथेही बाजारावर सोडून चालणार नाही. दुसरं, सरकारची कुवत किती? नॉर्वेची सरकारी तेल कंपनी चालते, कारण तिचे हिशोब उघडे असतात आणि तेलाचा पैसा वेगळ्या निधीत जातो. तेवढी शिस्त नसेल तिथे तेच धोरण लुटीला आमंत्रण देतं. तिसरं, माणूस संघटित आहे का? या तिसऱ्या गोष्टीचं उदाहरण आपल्या गावाजवळच आहे. कुंभारीला विडी कामगार बायकांच्या सहकारी संस्थेची १०,००० घरं उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. नंतर रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प आला, त्यातली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली. मागणी लावून धरली नरसय्या आडम मास्तरांसारख्या कम्युनिस्ट नेत्याने, अनुदान केंद्राचं आणि राज्याचं, हिस्सा कामगारांचा, मालकी सहकारी संस्थेतून. या प्रकल्पाला पुस्तकातलं कुठलंही एक नाव द्या, ते अपुरंच पडेल. विणकर, विडी कामगार आणि फेरीवाल्यांना पक्की घरं मिळाली हे मात्र डोळ्यांनी बघता येतं.

राहिला परीक्षेचा प्रश्न. व्याख्या चार ओळींत संपवा. तिथे सगळ्यांना सारखेच गुण मिळतात. मग दोनच उदाहरणं घ्या, एक बाहेरचं आणि एक आपलं, आणि प्रत्येकात निर्णय कोणाचा, तोटा कोणाचा, बाहेर पडायची मुभा कोणाला, हे लिहा. भारताबद्दल लिहिताना १९५६ चा औद्योगिक धोरण ठराव, १९६९ चं १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण आणि १९९१ चं परवाना पद्धतीचं उच्चाटन ही तीन वळणं पुरेत, पण प्रत्येक वळणावर तोट्याचा भार कोणाकडून कोणाकडे सरकला ते जोडा. आणि वेळ असेल तर काकांकडून मागच्या मंदीतलं मजुरीचं रजिस्टर मागून घ्या, आजोबांना त्यांची देणी किती वर्षांनी मिळाली ते विचारा. दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि संध्याकाळी दोघांना तो कागद एकत्र वाचायला द्या.